स्लीव्हनंतर पाचवा आठवडा: पोळी अडकते, दुधाने गॅस, प्रोटीन पुरत नाही

उंबरठा
सासूबाईंची (वय ५४, पूर्ण शाकाहारी, मधुमेह आणि बीपी दोन्ही) वजन कमी करण्यासाठी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया) झाली आहे, पाचवा आठवडा चालू आहे. घरी जाताना मिळालेल्या कागदावर "मऊ आहार, रोज ६० ग्रॅम प्रोटीन, दीड लिटर पाणी" एवढंच लिहिलंय. ते ताटात कसं उतरवायचं, हे कळत नाहीये.

पोळी वरणात कुस्करून दिली की दुसऱ्या-तिसऱ्या घासाला छातीत अडकल्यासारखं होतं, तोंडाला पाणी सुटतं आणि पांढरा फेस उलटून पडतो. दूध घेतलं की पोट गुडगुडतं. शौचाला तीन-चार दिवसांनी होते, तीही खडा. संध्याकाळी उठताना चक्कर येते. भेटायला येणारे शहाळं, मोसंबी, साबुदाणा घेऊन येतात आणि "पेज द्या, हलकी असते" म्हणतात. त्यात आषाढी एकादशी करायचीच असा त्यांचा हट्ट आहे. कुठून सुरुवात करू?

मिक्सरचं_भांडं
पोळी आजपासून बंद. कुस्करलेली पोळी मऊ दिसते खरी, पण गव्हातलं ग्लुटेन लाळेत आणि वरणात भिजलं की त्याचा चिकट गोळा होतो. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढलेला असतो. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, त्यात मावतं जेमतेम १०० ते १५० मिली. नळीच्या खालच्या अंगाला एक नैसर्गिक वळण आहे, जागा तिथे सगळ्यांत अरुंद असते. गोळा अडतो तो बहुतेक तिथेच, आणि आतली सूजही अजून पूर्ण उतरलेली नसते. अडलेला घास खाली ढकलायला शरीर लाळ आणि चिकट स्राव सोडत राहतं, तोच तुम्हाला दिसतो तो पांढरा फेस. म्हणजे हे अपचन नाही की पित्तही नाही. त्यावर ओवा-हिंगाचा उपयोग नाही.

घास अडकला त्या क्षणी खाणं थांबवा. उभं राहून सावकाश येरझाऱ्या घालू द्या. वरून पाणी पाजू नका, ते घासाच्या वर साचतं आणि सगळं उलटून येतं. अडकलेलं उतरलं की पुढचे २४ तास पातळ आहारावर परत या, लगेच पुन्हा मऊ जेवण नको.

रोजच्या जेवणाचं म्हणाल तर चहाचा लहान चमचा घ्या, घास वाटाण्याएवढा, २०-२५ वेळा चावून पार पातळ झाला की मगच गिळायचा. गिळल्यावर चमचा खाली ठेवून अर्धा-एक मिनिट थांबायचं. ताट समोर ठेवूच नका, वाटीत ६० ते ८० मिली मोजून काढा. २० ते ३० मिनिटांत जेवढं जाईल तेवढं, उरलेलं बाजूला. "एवढं संपवून टाका" हा आग्रह घरात कुणीही करायचा नाही, प्रेमानेसुद्धा नाही. बरगड्यांच्या मध्ये दाब वाटणं, उचकी लागणं, अचानक नाक वाहणं किंवा शिंक येणं, ही पोट भरल्याची खूण. त्यानंतर घेतलेला एक घाससुद्धा उलटीत जातो.

पाणी आणि जेवण वेगळं ठेवा. जेवायच्या अर्धा तास आधी पाणी थांबवायचं आणि जेवणानंतर अर्ध्या तासाने पुन्हा सुरू करायचं.

या टप्प्यावर चालतं ते असं: घट्ट मुगाचं वरण, पातळसर पिठलं, कुस्करलेलं ताजं पनीर, चक्का, शिजवून घोटलेला दुधी किंवा लाल भोपळा. गिजगिजा भात आणि पाव पोळीसारखेच अडकतात. शेवग्याची शेंग, गवार, मक्याचे दाणे, पालेभाजीचे देठ, मोसंबीच्या फोडींचा पापुद्रा हे दोन-तीन महिने तरी लांबच. आठव्या आठवड्यानंतर सर्जनने हो म्हटलं की आधी कुरकुरीत भाजलेल्या फुलक्याचा किंवा खाकऱ्याचा छोटा तुकडा द्या, तो मऊ पोळीपेक्षा सहसा बरा उतरतो.

पंचा_आणि_चक्का
अडकण्याचं वर आलंय, मी प्रोटीनबद्दल लिहिते, कारण खरी चूक बहुतेक घरांत इथेच होते. आजाऱ्याला हलकं म्हणून आपण पेज, वरणाचं पाणी, साबुदाण्याची खीर, फळांचा रस देतो. हे सगळं पिष्ट, साखर आणि पाणी. १०० मिली मावणाऱ्या पोटात पेज गेली की प्रोटीनला जागाच उरत नाही. मग शरीर स्वतःचे स्नायू मोडून वापरतं, वजनकाट्यावर आकडा छान उतरतो आणि माणूस जिना चढू शकत नाही. म्हणून ताटातला क्रम पक्का करा. आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तरच दोन चमचे धान्य.

आकडे डोक्यात ठेवा, सगळे अंदाजे: १०० ग्रॅम पनीर म्हणजे १८ ग्रॅम प्रोटीन. १०० ग्रॅम कोरड्या मूगडाळीत २४ ग्रॅम, पण एका वाटी पातळ वरणात डाळ असते १५ ते २० ग्रॅमच, म्हणजे हाती ४-५ ग्रॅम लागतं. साध्या दह्यात १०० ग्रॅमला ३ ते ४, तेच पंचात टांगून केलेल्या चक्क्यात ८ ते १०. सोया चंक्स कोरडे २० ग्रॅम घेतले तर १० ग्रॅम.

शाकाहारी माणसाचे ६० ग्रॅम या काळात प्रोटीन पावडरीशिवाय सहसा पूर्ण होत नाहीत. पावडर म्हणजे बॉडीबिल्डरचं खाणं, असं सासूबाईंना वाटत असेल तर समजावून सांगा, इथे ते औषधासारखंच आहे. दुधाने पोट गुडगुडतं म्हणजे लॅक्टोज (दुधातली साखर) झेपत नसावं, शस्त्रक्रियेनंतर असं बऱ्याच जणांना होतं. म्हणून व्हे (दुधाच्या निवळीतलं प्रोटीन) "आयसोलेट" घ्या, "कॉन्सन्ट्रेट" नको. आयसोलेटमध्ये लॅक्टोज नावापुरतं उरतं. साखर घातलेले माल्टचे डबे प्रोटीन म्हणून आणू नका. पावडर उकळत्या पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात, कोमट किंवा गार पाण्यात ढवळा. मिक्सरमध्ये फिरवली तर फेस बसेपर्यंत दहा मिनिटं ठेवा, नाहीतर ती हवा पोटात जाऊन ढेकर आणि दुखणं सुरू होतं.

एक दिवस असा बसतो:

सकाळी ८ वाजता १ स्कूप आयसोलेट २०० मिली पाण्यात, घोट घोट करत अर्ध्या-पाऊण तासात (२४ ग्रॅम). साडेदहाला ४० ग्रॅम पनीर हाताने मळून, त्यात जिरेपूड आणि चमचाभर दही (७). दुपारी १ वाजता २५ ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, त्यात दोन चमचे घोटलेला दुधी (६). ४ वाजता ८० ग्रॅम चक्का, बिनसाखरेचा (७). संध्याकाळी ७ ला ५० ग्रॅम पनीरची ओलसर भुर्जी, कांदा न घालता (९). रात्री ९ ला अर्धा स्कूप (१२). बेरीज ६५ होते. एखादं खाणं चुकलं तरी ६० च्या आसपास राहता.

चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र देऊ नका. ते सरकन उतरतं, त्रास देत नाही, म्हणूनच त्याची सवय लागते. पोट भरल्याची खूणही येत नाही आणि हाती काही लागत नाही. "शुगर फ्री" मिठाईत सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असेल तर गॅस आणि जुलाब होतात, डब्यावरची यादी वाचा.

तांब्याभर
चक्कर आणि खडा या दोन्हींच्या मुळाशी पाणीच असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. दीड लिटर एकदम पिता येत नाही, म्हणून १५० मिलीचा पेला दर तासाला समोर ठेवा आणि एका घोटाला चमचाभर, असं तासभर पुरवा. अर्धा लिटरच्या तीन बाटल्या सकाळी भरून ठेवल्या की किती गेलं ते रात्री विचारावं लागत नाही. लघवी गडद पिवळी म्हणजे कमी पडतंय. पाणी, पातळ गाळलेलं ताक, लिंबूपाणी मीठ घालून पण बिनसाखरेचं, हे सगळं त्यात धरा. शहाळं दिवसातून १००-१५० मिली चालेल. मोसंबीचा रस नको, साल काढलेलं फळही नंतर. सोड्याच्या बाटल्या तर अजिबात नाहीत. स्ट्रॉ वापरू नका, हवा गिळली जाते.

शौचासाठी इसबगोल स्वतःहून सुरू करू नका. ते पाणी शोषून फुगतं, आणि पाणी कमी असलेल्या अरुंद नळीत स्वतःच अडकू शकतं. या काळात लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात, मात्रा डॉक्टरांना विचारा. लॅक्ट्युलोजने गॅस वाढतो, आणि गॅसचा त्रास तुमच्याकडे आधीच आहे, हे त्यांना सांगा. लोहाच्या गोळ्याही बद्धकोष्ठ करतात, त्यासाठी त्या बंद मात्र करू नयेत.

आता चक्करेचं दुसरं कारण, आणि हे तातडीचं आहे. खाणं एवढं उतरल्यावर शुगर आणि बीपीच्या जुन्या गोळ्या तशाच चालू असतील तर त्या जास्त होतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक असेल तर शरीर आणखी कोरडं पडतं. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर आजच फोन करा, कमी खाण्यावर या गोळ्यांनी रक्तात आम्ल साचू शकतं आणि तेव्हा शुगर नॉर्मलही दिसते. पुढचे काही दिवस उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि चक्कर येईल तेव्हा शुगर मोजा. बीपी एकदा बसून आणि एकदा उभं राहून तीन मिनिटांच्या आत घ्या. वरचा आकडा उभं राहिल्यावर २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर हे आकडे लिहून सर्जनला दाखवा.

फेसाची उलटी कधीतरी आणि फक्त पोळीने होतेय तोवर वरचे उपाय. पण रोज उलटी होऊ लागली, किंवा साधं पाणीही उतरेना, तर वाट बघू नका. नळी एखाद्या ठिकाणी आक्रसलेली असू शकते, दुर्बिणीने बघून फुग्याने रुंद करता येते. दुसरा धोका थायमिनचा, म्हणजे बी-१ चा. शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. दोन दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर ते थेट इमर्जन्सीत. तिथे "वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, उलट्या होत्या, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या" हे वाक्य तुम्हीच बोला, कारण रात्रपाळीच्या डॉक्टरला ती पार्श्वभूमी माहीत नसते. थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूवरचा परिणाम वाढू शकतो.

ताप, स्वस्थ बसलेलं असताना नाडी १२० च्या वर, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप, यासाठीही थेट इमर्जन्सी. जठराच्या टाक्यातून गळती उशिराही होते.

उंबरठा
गोळ्यांची यादी पाहिली, ग्लिमेपिराइड आहे. दवाखान्यात फोन केला, उद्या बोलावलंय. दोन गोष्टी राहिल्या. नात्यातल्या एका बाईंचा गॅस्ट्रिक बायपास (वजनाचीच दुसरी शस्त्रक्रिया) झालाय, त्यांचा व्हिटॅमिनचा तक्ता आम्हाला चालेल का? आणि एकादशी?

मिक्सरचं_भांडं
तक्ता जसाच्या तसा उचलू नका. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून जातं, लोह आणि कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषले जातात, म्हणून त्यांच्या मात्रा वेगळ्या असतात. गोड खाल्ल्यावर १०-३० मिनिटांत घाम, धडधड, जुलाब होणं (डम्पिंग) हेही बायपासमध्ये जास्त, स्लीव्हमध्ये कमी, पण होतच नाही असं नाही.

स्लीव्हला साधारण हे लागतं: पूर्ण मल्टिव्हिटॅमिन रोज, बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडाने किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन, डी-३ रोज सुमारे ३००० युनिट, आणि अन्नातलं धरून कॅल्शियम १२०० ते १५०० मिलिग्रॅम. सासूबाई मेटफॉर्मिन घेत असतील तर बी-१२ कडे जास्त लक्ष, ती गोळीही बी-१२ कमी करते. कॅल्शियम "सायट्रेट" मागा. दुकानात समोर येतं ते बहुधा कार्बोनेट, त्याला विरघळायला आम्ल लागतं आणि इथे जठरही लहान आणि आम्ल कमी करणारी गोळीही बहुधा चालू. एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त शोषलं जात नाही, म्हणून दोन-तीनदा विभागून. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या आगेमागे तासभर चहा नको. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतील. ते बहुतेकांचं होतं आणि सहसा थांबतं. तेवढ्यासाठी बायोटिनवर पैसे घालवण्याआधी प्रोटीनची बेरीज आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा.

गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घरात पडलेलं असेल तर बाजूला काढा, देऊ नका. दुखलं तर पॅरासिटामॉल.

पंचा_आणि_चक्का
एकादशीचं: निर्जळी नाहीच, या टप्प्यावर तो उपास शरीराला इजा करेल. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्य, वर तो चिकट, म्हणजे पोळीसारखाच अडकणार. बटाटा, रताळं, भगर यांनीही पोट भरतं आणि प्रोटीन बुडतं. पण पनीर, चक्का, ताक, व्हेचं पाणी, मऊ घोटलेला लाल भोपळा हे सगळं उपासाला चालणारंच आहे. मी वर दिलेल्या दिवसाच्या आखणीतलं वरण तेवढं काढा आणि त्या जागी ३५ ग्रॅम पनीर घाला. पावडरीतल्या चवीच्या घटकांबद्दल त्यांना शंका असेल तर बिनचवीची आणा. शेंगदाण्याचं कूट अजून नको, अगदी बारीक केलं तरी रवाळ राहतं. मात्र मधुमेहाच्या गोळ्यांचं उद्या डॉक्टर काय सांगतात ते आधी ऐका, आणि "त्या दिवशी कुठली गोळी द्यायची" हे एकादशीचं नाव घेऊन त्यांना विचारा.