तान्ह्या बाळाची झोप : तुमच्या घरातले अनुभव सांगा

माझी मुलगी दीड महिन्याची झाली. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "रात्री झोपू देते का गं?" नवजात बाळ दिवसरात्र मिळून 14 ते 17 तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांत. पोट एवढंसं, दूध चटकन पचतं, दर दोन-तीन तासांनी भूक लागते. दिवस कोणता नि रात्र कोणती हे उमगायला त्याला दोन-तीन महिने जातात. हे कळल्यापासून तिचं रात्रीचं उठणं मला आजार वाटेनासं झालं. ती किती वेळ झोपेल हे आपल्या हातात नाही, पण कुठे नि कशी झोपेल हे नक्की आहे. तुमच्याकडे बाळ कुठे निजतं, कोण जागतं, घरातल्या मोठ्यांशी कसं जमवून घेतलंत, सगळं सविस्तर लिहा. वस्तूंच्या जाहिराती मात्र नकोत.

सांगली, मुलगा चार महिन्यांचा

आमच्याकडे प्रश्न मोहरीच्या उशीचा होता. डोकं गोल व्हावं म्हणून सासूबाईंनी मोहरी पाखडून, उन्हं दाखवून, जुन्या मऊ लुगड्याची उशी बारशाआधीच शिवून ठेवली होती. डॉक्टर म्हणाले, पहिलं वर्षभर उशी नाही, आणि झोपवायचं ते उताणंच. त्यावर सासूबाईंनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता : "उताणा असताना दूध उलटलं तर घशात जाऊन गुदमरणार नाही का?"

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे दोन नळ्या काढून दाखवल्या. बाळ उताणं असलं की श्वासनलिका वरच्या बाजूला असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. उलटून आलेलं दूध खालीच राहतं, बाळ ते गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. पालथं निजवलं की श्वासनलिका खाली येते आणि दूध तिच्या तोंडाशी साठू शकतं. सासूबाईंनी तो कागद मागून घेतला. आता शेजारणी आल्या की त्याच तो काढून समजावतात, आणि त्यांचं बोलणं माझ्यापेक्षा चटकन पटतं.

डोकं एका बाजूने चपटं होऊ नये म्हणून एका रात्री डोकं पाळण्याच्या या टोकाला, दुसऱ्या रात्री त्या टोकाला ठेवतो. बाळ उजेडाकडे नि आवाजाकडे मान वळवतं, त्यामुळे दोन्ही बाजूंवर सारखा भार येतो. दिवसा जागा असताना, कोणीतरी समोर बसून, थोडा वेळ पालथा घालतो. काळ्या मण्यांचं गळ्यातलं आणि दोरा काढून पाळण्याबाहेर बांधला. तेही सासूबाईंनीच सुचवलं.

सोलापूरजवळचं गाव

आमच्यात झोळीशिवाय घर नाही. आढ्याला साडी बांधली की बाळ दोन झोक्यांत गप्प होतं, हे खरंच आहे. पण झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि तान्ह्याची मान ती उचलू शकत नाही. श्वासाची वाट तिथेच अडते. शिवाय कापड दोन्ही बाजूंनी तोंडाजवळ येतं, आणि आमच्या उन्हाळ्यात आतमध्ये ऊबही फार कोंडते. म्हणून आजी झोका देतात, अंगाई म्हणतात, डोळे मिटायला लागले की बाळ उचलून सपाट पाळण्यात. पहिले काही दिवस उचलताना जागं व्हायचं. आधी बूड टेकवायचं, मग पाठ, शेवटी डोकं, आणि हात छातीवर जरा वेळ तसाच ठेवायचा. याने जमलं.

मुंबई, चाळीतली एक खोली

पाळणा ठेवायला जागाच नाही, आम्ही सगळे खाली झोपतो. बाळाने त्याच खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर झोपावं, हा सल्ला ऐकल्यावर आधी मला हसू नि रडू दोन्ही आलं. मग जाऊबाईंनी मार्ग काढला. एक छोटी गादी पिंजून कापूस दाबून भरून घेतली, इतकी घट्ट की हाताने दाबली तरी खड्डा पडत नाही. तीवर ताणून खोचलेली एक सुती चादर, बस. लोड, तक्क्या, रजई, मऊ बाहुली काही नाही. ही गादी माझ्या अंथरुणाला लागून पण वेगळी असते. भिंतीला चिकटवत नाही, कारण भिंत आणि गादीच्या फटीत बाळ अडकू शकतं. मोठा मुलगा आणि हे माझ्या दुसऱ्या बाजूला झोपतात, मोठी मुलगी आजीजवळ.

रात्री पाजताना माझा डोळा लागण्याची भीती असायची. खुर्चीत किंवा सोफ्यावर बाळ घेऊन झोप लागणं हे अंथरुणापेक्षाही धोक्याचं, असं बाईंनी दवाखान्यात बजावलं होतं. म्हणून मी खालीच बसते, आणि अहो उठून समोर बसतात. ढेकर काढून बाळाला जागेवर ठेवायचं काम त्यांचं. डासांसाठी कॉइल लावत नाही. सगळ्यांवर मिळून मोठी मच्छरदाणी, कडा गादीखाली नीट खोचून.

गडचिरोली जिल्हा, आशा कार्यकर्ती

माझा अनुभव दुसऱ्यांच्या घरातला आहे, पण तो खूप घरांतला आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्ही 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जातो. ही घरी जाऊन नवजात बाळाला जपण्याची पद्धत आमच्याच जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने उभी केली. तिथल्या गावांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज देशभर आशा हे काम करतात, याचा मला फार अभिमान आहे.

मला सगळ्यात काळजी वाटते ती "बाळ फार गुणी आहे, रडतच नाही, झोपूनच असतं" हे ऐकल्यावर. मी लगेच बाळाच्या तळपायाला हात लावते, मग पोटाला. पाय गार आणि पोटही गार असेल, बाळ उठवूनही उठत नसेल, स्तन धरत नसेल किंवा ओढ कमी झाली असेल, तर ती झोप नाही, आजारपण आहे. थर्मामीटर काखेत लावते. 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस ठीक. त्याखाली असेल तर आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून वरून पांघरूण, आणि दूध ओढत नसेल तर गाडी बोलावून दवाखाना. पहिल्या महिन्यात बाळाला उठवून पाजावं लागलं तरी पाजायचं, दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा.

थंडीत खोलीत शेगडी ठेवून दार लावतात. त्या धुराने बाळाचा श्वास कोंडतो. ओवा-शेपाची धुरीही बाळाजवळ नको. आणि ज्याने दारू घेतली आहे किंवा जो विडी ओढतो त्याने बाळाच्या अंथरुणावर झोपायचं नाही. हे मी बाईला सांगत नाही, त्या माणसालाच समोर बसवून सांगते. बहुतेक ऐकतात.

पुणे, बाबा

आमची मुलगी वेळेआधी झाली, वजन दोन किलोच्या आत. नवजात विभागातल्या सिस्टरांनी मला शर्ट काढून आरामखुर्चीत बसवलं आणि तिला छातीवर ठेवून कापडाने बांधलं. कांगारू पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथे काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. आता जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या बाळांसाठी दिवसाचे 8 ते 24 तास हीच पद्धत सुचवते. माझ्या छातीवर ती जितकी शांत झोपायची तितकी कुठेच नाही. मान एका बाजूला वळलेली, नाक मोकळं, हनुवटी किंचित वर, हे दर थोड्या वेळाने बघायला सिस्टरांनी शिकवलं. घरी मी पेंगायला लागलो की तिला पाळण्यात ठेवायचं, हे आमचं ठरलेलं होतं.

न्यू जर्सी

आई पुण्याहून येताना गोधडी घेऊन आली, आणि आमच्या डॉक्टरांनी पांघरूण नको म्हणून सांगितलं होतं. आईला वाईट वाटलं. आम्ही ती जमिनीवर अंथरली. बाळ दिवसा तीवरच हातपाय मारतं. रात्री अंगात झोपेची बिनबाह्यांची पिशवी. दुपट्यात गुंडाळायचं काम आईचं : छातीशी नीट, पण कमरेखाली सैल, म्हणजे पाय बेडकासारखे दुमडता येतात. पाय सरळ करून आवळले तर खुब्याच्या सांध्याला त्रास होतो. कुशीवर वळायचा प्रयत्न दिसला की गुंडाळणं बंद करायचं आहे.

इथे 1994 पासून बाळाला उताणं निजवण्याची मोहीम चालली, आणि झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याहून कमी झाले. 2022 च्या कायद्याने बाळाला झोपवायचे उतरत्या बैठकीचे पाळणे आणि पाळण्याच्या कडेच्या मऊ गाद्या विकायलाच बंदी आली. गाडीच्या सीटमध्ये झोपलं तरी घरी पोचल्यावर उचलून सपाट जागी ठेवतो.

कोल्हापूर, आजी

लेक माहेरी बाळंतपणाला आली होती. बाळ झोपावं म्हणून जायफळ उगाळून द्या, असं चार जणींनी सांगितलं. मी दिलं नाही. जायफळ जास्त झालं तर विषबाधा होते, आणि एवढ्याशा जिवाला जास्त किती हे कोण सांगणार? मधाचं बोटही वर्षभर नाही. रात्री दूध पाजून झालं की बाळ माझ्याकडे, लेक आतल्या खोलीत. भूक लागली की मी नेऊन द्यायची. तिला सलग तीन-चार तास मिळाले की सकाळी चेहराच वेगळा असायचा.

बाळ झोपलं, घर झोपलं, तरी तिचा डोळा लागेना, उगाच रडू येई, "मला नाही जमत आई" म्हणे, असे काही दिवस आले. मी तिला थकवा म्हणून सोडून दिलं नाही, डॉक्टरांकडे नेलं. उपचार झाले, ती सावरली. ज्यांच्या घरी असं चाललंय त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोला, नाहीतर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर लावा. फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.