मदत हवी आहे: मराठी मजकूर असलेल्या कोडसाठी एडिटर (शोध, अर्धा र, कर्सर, लाल रेघ)

टॅबकी_स्पेस

एका अ‍ॅपच्या मराठी भाषांतराच्या जेसन फाइली आणि त्या वाचणारा पायथन कोड व्हीएस कोडमध्ये सांभाळायचा आहे. विंडोज ११. एका लिनक्स मशीनवर टर्मिनलमध्ये विमही वापरावा लागतो. अडचणी अशा:

१. "आचाऱ्यांना" शोधला की काही ओळी सापडतात, काही नाही. न सापडलेल्या ओळीतही डोळ्यांना शब्द तोच दिसतो.
२. अशा काही शब्दांतल्या अक्षराभोवती एडिटर चौकट काढतो.
३. पायथनमध्ये ओळीत मराठी स्ट्रिंग असली, की चूक दाखवणारी लाल नागमोडी रेघ खऱ्या जागेच्या बरीच उजवीकडे पडते.
४. ओळीच्या वरच्या बाजूला मात्रा आणि रफार कापले जातात.

एडिटर बदलायची तयारी आहे. पण नव्यात नेमकं काय तपासून घ्यायचं?

अर्धविराम

पहिल्या अडचणीसाठी एडिटर बदलू नका, कारण ती फाइलीतच आहे. "ऱ्य" दोन प्रकारे लिहिलेला असणार.

एक: ऱ (यू+०९३१), हलन्त (यू+०९४डी), य.
दोन: साधा र (यू+०९३०), हलन्त, झिरो विड्थ जॉइनर (यू+२००डी, जोडणी सांगणारं पण स्वतः न दिसणारं चिन्ह), य.

युनिकोडला दोन्ही मान्य आहेत. पहिली रीत इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या मानकाला धरून आहे, दुसरी युनिकोड २.० शी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेली. दिसायला एकच, पण शोध कोडपॉइंट (युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक) जुळवतो, आकार नाही. एनएफसी (मजकूर एकसारखा करायची युनिकोडची ठरलेली रीत) केल्यानेही या दोन रीती एक होत नाहीत. एनएफसी फक्त तिसरा प्रकार सुधारतं, म्हणजे र आणि खाली वेगळा नुक्ता (टिंब). त्याचा ऱ होतो.

खात्री करायला विममध्ये त्या अक्षरावर जाऊन जी, मग ए दाबा. कोडपॉइंटचे आकडे खाली येतात. बऱ्याच आवृत्त्यांत जॉइनर तर थेट २००डी असा कोनी कंसात छापलेला दिसतो.

दुरुस्ती पायथनने करा. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची रीत) यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. विंडोजवर न लिहिल्यास दुसरंच गृहीत धरलं जाऊ शकतं. न्यूलाइनची किंमत रिकामी स्ट्रिंग ठेवा, वाचताना आणि लिहिताना दोन्ही वेळा. नाहीतर ओळींचे शेवट बदलतात आणि गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवणारं साधन) अख्खी फाइल बदललेली दिसते. आधी एनएफसी, मग "र, हलन्त, जॉइनर" या तिघांच्या जागी "ऱ, हलन्त".

सगळे जॉइनर सरसकट उडवू नका! तसं केलंत तर "आचाऱ्यांना"चं "आचार्यांना" होईल, म्हणजे स्वयंपाक्यांचे आचार्य होतील. "दऱ्या"चा "दर्या"ही तसाच. शुद्धलेखन तपासणीत हे सापडणार नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

त्याच प्रकल्पात हिंदी फाइली असतील तर त्या वेगळ्या कमिटमध्ये (गिटमधल्या बदलांच्या नोंदीत) घ्या. एका कोडपॉइंटचा ड़ किंवा ढ़ एनएफसीमध्ये सुटा होऊन ड आणि नुक्ता असा लिहिला जातो, त्यामुळे तिथे फरक खूप दिसेल.

पुढे टंकताना इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे म्हणजे ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग य. जॉइनर लागतच नाही.

कंस_बंद

चौकटीचं कारणही तोच जॉइनर. नोव्हेंबर २०२१ मध्ये ट्रोजन सोर्स नावाची पळवाट जाहीर झाली: न दिसणारी दिशादर्शक चिन्हं घालून कोड वाचणाऱ्याला एक दाखवायचा आणि कंपायलरला दुसरा. त्याच सुमारास व्हीएस कोडच्या १.६३ आवृत्तीत अदृश्य अक्षरांभोवती चौकट काढायची सोय आली. चौकटीवर माउस नेला की ते अक्षर वगळण्याचा पर्याय मिळतो.

माझं मत: वगळू नका. वर सांगितलेली दुरुस्ती झाली की बहुतेक चौकटी आपोआप जातात. त्यानंतर जिथे नवी चौकट दिसेल तिथे कुणीतरी पुन्हा जॉइनरवाला "ऱ्य" आणलाय, हे फुकटात कळेल. अख्खी सोयच बंद करणं तर मुळीच नको.

रेघोटी

तिसरी अडचण स्तंभ मोजण्याची आहे. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये (एडिटर आणि कोड तपासणारा सर्व्हर यांच्यातल्या संवादाचे नियम) ओळीतली जागा मुळात यूटीएफ-१६ च्या एककांत मोजतात. ३.१७ आवृत्तीपासून एडिटर आणि सर्व्हर आपापसात यूटीएफ-८ किंवा यूटीएफ-३२ ठरवू शकतात. एक बाजू बाइट मोजत असेल आणि दुसरी एककं, तर रेघ सरकते. "नमस्कार" म्हणजे ७ कोडपॉइंट, यूटीएफ-१६ मध्ये ७ एककं, पण यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. रेघ १४ घरं उजवीकडे.

ओळखायची रीत: ओळीतल्या देवनागरी कोडपॉइंटच्या बरोबर दुप्पट सरक असेल तर बाइटचाच घोळ. फक्त इमोजी असलेल्या ओळीत एकेका घराने चुकत असेल तर घोळ यूटीएफ-१६ आणि ३२ मधला. देवनागरीला त्याने फरक पडत नाही. आधी सर्व्हरचं एक्स्टेंशन अद्ययावत करा. चूक राहिलीच तर मराठी मजकूर वरच्या ओळीत चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवा, म्हणजे पुढच्या ओळीची रेघ जागेवर येते. सर्व्हर बनवणाऱ्यांना कळवताना नेमकी हीच दोन ओळींची फाइल द्या.

कोकणकडा

मात्रा कापल्या जातात कारण ओळीची उंची नुसत्या फाँटच्या मापावरून ठरते, देवनागरीची जास्त उंची त्यात धरली जात नाही. सेटिंगमध्ये लाइन हाइट १.७ लिहा, ८ च्या आतला आकडा फाँटच्या मापाचा गुणक धरला जातो. फाँटच्या यादीत आधी कोडचा फाँट, स्वल्पविराम, मग नोटो सान्स देवनागरी किंवा विंडोजचा निर्मला यूआय.

एडिटर निवडताना "स्वातंत्र्याच्या" हा शब्द टंकून बघा. त्यात १६ कोडपॉइंट आहेत. उजव्या बाणाने कर्सर ४ वेळांत पलीकडे गेला तर एडिटर युनिकोड १५.१ चा (२०२३) नियम पाळतो, ज्यात जोडाक्षर मध्ये तुटत नाही. ८ वेळा लागल्या तर जुना नियम, म्हणजे हलन्तानंतर तुटतो. १६ लागल्या तर त्याला अक्षरांचं काहीच कळत नाही. मात्र बॅकस्पेसने १६ वेळा खोडणं चांगलं, कारण चुकलेली वेलांटी सुधारायला अख्खं जोडाक्षर पुसावं लागू नये. बाण अक्षराने, बॅकस्पेस कोडपॉइंटने: मराठी टंकणाऱ्याला हेच हवं.

टर्मिनलमधल्या विमकडून मात्र फार अपेक्षा नको. टर्मिनल एकसारख्या चौकोनांची जाळी असते, जोडाक्षर त्यात नीट बसत नाही. लिनक्सवर ईमॅक्सची २७ किंवा पुढची आवृत्ती हार्फबझसह (अक्षरांचे आकार जुळवणारी लायब्ररी), स्वतःच्या खिडकीत चालवली तर अक्षरं नीट जुळतात.

टॅबकी_स्पेस

दुरुस्ती चालवली, शोध आता सगळ्या ओळी पकडतो. लाइन हाइटनेही काम झालं. एक राहिलं: मराठी शब्द पकडायला रेजेक्समध्ये (नमुना देऊन शोधायची रीत) बॅकस्लॅश-डब्ल्यू आणि अधिक चिन्ह दिलं, तर फोल्डरच्या शोधात चालतं आणि उघड्या फाइलीत शून्य. असं का?

अर्धविराम

दोन्हीकडे इंजिन वेगळं आहे. फोल्डरमध्ये रिपग्रेप हे साधन शोधतं, त्याचं डब्ल्यू युनिकोडची अक्षरं आणि मात्रा दोन्ही धरतं. उघड्या फाइलीत जावास्क्रिप्ट, तिथे डब्ल्यू म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर. पायथनचं नेहमीचं आरई मॉड्यूल तिसरंच करतं: अक्षर धरतं, मात्रा आणि हलन्त सोडतं, त्यामुळे शब्दाचे तुकडे होतात. म्हणून डब्ल्यूऐवजी चौकटी कंसात यू+०९०० ते यू+०९७एफ हा पट्टा आणि सोबत यू+२००सी, यू+२००डी द्या. तिन्हीकडे चालेल. पट्ट्यात दंड आणि मराठी आकडेही येतात. नको असतील तर यू+०९६४ ते यू+०९६एफ वगळा.