लिनक्स मिंटवर कामाचं सॉफ्टवेअर शोधायचं कसं, आणि कुठून घ्यायचं?

कोरीपाटी:
लिनक्स मिंट २२ (सिनॅमन) टाकून झालंय, हार्डवेअर सगळं चालतंय. आता तीन कामांसाठी सॉफ्टवेअर हवंय: स्कॅन केलेल्या पीडीएफची पानं मागेपुढे लावून त्यातला मजकूर शोधता येईल असा करणं, कागदपत्रांचा बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेणं आणि फोटोंची दुरुस्ती. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये 'पीडीएफ' टाकलं की भली मोठी यादी येते. गिंप हा फोटो दुरुस्तीचा प्रोग्राम तर सिस्टीम पॅकेज (मिंटच्या स्वतःच्या साठ्यातलं) आणि फ्लॅटपॅक (कोणत्याही लिनक्सवर चालणारं, वेगळं बांधलेलं) अशा दोन रूपांत मिळतं. कोणतं घ्यावं? टर्मिनल वापरायची तयारी आहे, फक्त आपण काय करतोय ते कळायला हवं.

पॅकेजपारखी:
विंडोजवरच्या प्रोग्रामचं नाव घेऊन 'याला पर्याय काय' असं शोधू नका, काम धरून शोधा. तिकडे एकच प्रोग्राम जी चार कामं करतो, ती इथे बऱ्याचदा चार छोट्या प्रोग्राममध्ये वाटलेली असतात.

सुरुवातीला आर्च विकीवरचं 'लिस्ट ऑफ ॲप्लिकेशन्स' हे पान उघडा. तुमचं लिनक्स आर्च नसलं तरी चालतं. ती यादी कामांनुसार लावलेली आहे आणि प्रत्येक प्रोग्रामपुढे एका ओळीत माहिती आहे. तिथून दोन-तीन नावं निवडा. मग टर्मिनलमध्ये एपीटी, म्हणजे सिस्टीम पॅकेजेस शोधणारा आणि टाकणारा प्रोग्राम, वापरा (आज्ञा इथे देवनागरीत देतोय, टाइप रोमनमध्येच करायच्या):

एपीटी सर्च पीडीएफ मर्ज
एपीटी शो पीडीएफअरेंजर
एपीटी पॉलिसी पीडीएफअरेंजर

'सर्च'ला दोन शब्द दिले की नावात किंवा वर्णनात दोन्ही असलेलीच पॅकेजेस येतात, यादी एकदम आटोपशीर होते. वर्णनं इंग्रजीत असतात, म्हणून शब्दही इंग्रजीच द्या. 'शो'मध्ये डाउनलोड किती, डिस्कवर जागा किती आणि सोबत काय काय येणार ते दिसतं. 'पॉलिसी' आवृत्ती सांगते आणि ती कोणत्या भांडारातून (पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यातून) येणार हेही. माहिती वाचायला सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणं, लागत नाही.

टाकण्याआधी 'एपीटी इन्स्टॉल -एस' आणि पुढे पॅकेजचं नाव देऊन रंगीत तालीम घ्या. त्यात खरं काहीच बदलत नाही. पण काढून टाकायच्या पॅकेजेसच्या यादीत डेस्कटॉपचे भाग दिसले, तर तिथेच थांबा. बाहेरच्या भांडारामुळे आवृत्त्या एकमेकींशी जुळल्या नाहीत की हे होतं.

भांडारी:
कुठून घ्यायचं, याचा माझा क्रम ठरलेला आहे: आधी सिस्टीम पॅकेज, मग फ्लॅटपॅक, मग ॲपइमेज (न टाकता थेट चालवता येणारी एकच फाइल), आणि अगदी गरज पडली तरच पीपीए (कुणीतरी स्वतंत्रपणे चालवलेलं बाहेरचं भांडार).

सिस्टीम पॅकेज जुनं असतं, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. मिंट २२चा पाया उबुंटू २४.०४ आहे, त्यातल्या बहुतेक आवृत्त्या तिथेच गोठवतात आणि पुढे मुख्यतः दुरुस्त्या येतात. गिंपचंच बघा: सिस्टीम पॅकेज २.१० मालिकेतलं, फ्लॅटपॅक ३ मालिकेतलं. फोटोच्या साध्या दुरुस्तीला २.१० पुरेसं आहे. मात्र मूळ चित्राला हात न लावता नंतर बदलता येणारे फिल्टर हवे असतील तर ३ घ्या. २.१०साठी लिहिलेले पायथन प्लगइन ३मध्ये तसेच चालत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

पहिलं फ्लॅटपॅक घेताना डाउनलोड बघून दचकायला होतं. प्रोग्रामसोबत रनटाइम म्हणजे सामायिक पायाही उतरतो, तो काही शे एमबीचा असतो. त्याच पायावरच्या पुढच्या प्रोग्रामला तो पुन्हा लागत नाही. जुने, वापरात नसलेले पाये साठले की 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड' चालवा.

मिंट २२चा सॉफ्टवेअर मॅनेजर मूळ निर्मात्याची खातरजमा न झालेली फ्लॅटपॅक्स आपणहून दाखवत नाही. ती सेटिंग बदलायची घाई करू नका.

पीपीए शेवटी का? ते भांडार चालवणाऱ्याला तुमच्या सिस्टीमवर रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने काहीही टाकण्याची मुभा मिळते म्हणून.

पानंजुळवा:
पीडीएफचं काम दोन प्रोग्रामचं आहे. पानं लावायला, फिरवायला, काढायला पीडीएफ अरेंजर. मजकुरासाठी ओसीआरमायपीडीएफ, हा टर्मिनलमधला प्रोग्राम टेसरॅक्ट हा अक्षरं ओळखणारा (ओसीआर) प्रोग्राम वापरून पानाच्या चित्रामागे अदृश्य मजकूर बसवतो.

सुडो एपीटी इन्स्टॉल ओसीआरमायपीडीएफ टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर
ओसीआरमायपीडीएफ -एल एमएआर+ईएनजी --डेस्क्यू जुनी.पीडीएफ नवी.पीडीएफ

'-एल' विसरलात तर तो इंग्रजी धरून चालतो आणि मराठी पानातून नुसती अक्षरांची खिचडी निघते. 'डेस्क्यू' तिरकं पान सरळ करतं. काही पानांत आधीच मजकूर असेल तर काम अडतं. मग '--स्किप-टेक्स्ट' जोडा. स्कॅन ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) ठेवा, त्याखाली मात्रा आणि अनुस्वार हमखास गळतात. पानं आधी लावून घ्या, ओसीआर शेवटी करा.

कोरीपाटी:
आभार, पीडीएफचं काम झालं. बॅकअपसाठी मिंटमध्ये आधीपासून असलेलं टाइमशिफ्ट उघडलं, पण बाहेरची डिस्क निवडता येत नाही. डिस्कची फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) एक्सफॅट आहे, जी विंडोजवरही चालते.

भांडारी:
टाइमशिफ्टला लिनक्सची फाइल सिस्टीम लागते, उदाहरणार्थ ईएक्सटी४. फाइलींची मालकी आणि परवानग्या एक्सफॅटवर टिकत नाहीत. डिस्क फॉरमॅट करू नका! टाइमशिफ्ट हे सिस्टीम मागच्या स्थितीत नेण्यासाठी आहे. होम फोल्डर ते मुळातच वगळतं, म्हणजे तुमची कागदपत्रं त्यात आलीच नसती.

कागदपत्रांसाठी डेजा डुप हा बॅकअपचा प्रोग्राम घ्या, सिस्टीम पॅकेजच. एक्सफॅटवर चालतं, पहिल्यांदा सगळं घेतं, पुढे फक्त बदललेलं, आणि पासवर्डही लावता येतो. एक मेख आहे: वगळायच्या यादीत डाउनलोड्स फोल्डर आधीपासून असतो. कामाच्या फाइली तिथे असतील तर तो त्या यादीतून काढा. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, तो हरवला तर बॅकअप उघडत नाही. पहिला बॅकअप झाला की एखादी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून उघडून बघा.

पॅकेजपारखी:
यात एक भर. फ्लॅटपॅकमधल्या एखाद्या प्रोग्रामला हीच डिस्क दिसली नाही तर डिस्क बिघडली असं समजू नका. फ्लॅटपॅक प्रोग्रामला परवानगीबाहेरचे फोल्डर दिसत नाहीत. फ्लॅटसील हा फ्लॅटपॅकच्या परवानग्या बदलणारा प्रोग्राम टाका, त्यात तो प्रोग्राम निवडून फाइलसिस्टीम विभागात /मीडिया हा मार्ग जोडा आणि प्रोग्राम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.