चाकोऱ्यांत गाडी आपोआप ओढली जाते, दोनदा अलाइनमेंट करूनही

हिंगणा_रोड: २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, ७८,००० किमी. मूळ १६५/८० आर १४ काढून अलॉयसकट १९५/६० आर १५ टाकले. तेव्हापासून ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत आणि सिमेंट रोडच्या दोन स्लॅबमधल्या उभ्या फटीवर स्टेअरिंग हातातून ओढलं जातं. सपाट रस्त्यावर गाडी सरळ. अलाइनमेंटचे (चाकांचे कोन जुळवण्याचे) दोन्ही रिपोर्ट हिरवे, म्हणजे ठीक. हवा ३६ पीएसआय, पंपावर दुपारी भरलेली. तिसऱ्यांदा अलाइनमेंट करू का?

सक्करदरा_स्पॅनर: नका करू भाऊ, पैसे वाया जातील. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, डांबर नरमतं आणि जड ट्रकांच्या चाकांखाली दबून चाकोरी पडते. अरुंद टायर चाकोरीच्या तळाशी मावतो. रुंद टायरची एक कड उतारावर चढते, मग सगळा भार एका बाजूला येऊन चाक वळायला पाहतं. १६५ चं १९५ म्हणजे ३० मिमी जास्त रुंदी, त्यात साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) बुटका, त्यामुळं धक्का जिरत नाही.

अलॉयच्या आतल्या बाजूला कोरलेला ईटी आकडा (ऑफसेट: चाक हबला टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते) मूळ रिमशी ताडून पाहा. रिमची रुंदी तीच आणि ईटी ४५ चा ३५ झाला असेल, तर चाक १० मिमी बाहेर आलं. स्टेअरिंगला बसणारा हिसका तेवढ्यानंही वाढतो.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणं भरा. तापलेल्या टायरचे ३६ हे टायर थंड झाल्यावर ३२-३३ भरतात, तेव्हा आकडा खरा कोणता ते आधी ठरवा.

मूळ चाकं विकली नसतील तर पुढं तीच दोन लावून त्याच रस्त्यावर हळू चक्कर मारा. व्यास ६२० आणि ६१५ मिमी, चाचणीपुरतं चालतं. ओढ गेली तर दोष टायर-रिमचा, थोडी उरली तर गाडीखाली सस्पेन्शन तपासा.

धंतोली४४: थोडी उरेलच असं वाटतं. ७८ हजारांना लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) मागचा मोठा बुश (सांध्यातला रबर) बहुधा फाटलेला असतो. अलाइनमेंट मशीनवर गाडी उभी असते, म्हणून रिपोर्ट हिरवा. चाकोरीच्या कडेला चाक आदळलं की फाटक्या बुशमुळं आर्म मागं सरकतो आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळण्याचा कोन) तेवढ्यापुरता बदलतो.

गाडी जॅकवर, खाली स्टँड. चाक ९ आणि ३ वर धरून हलवा: खटखट आली तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. १२ आणि ६ वर: बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग बुशपाशी टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म रेटा. रबरातली चीर उघडताना दिसते. मागच्या बीमचे (मागच्या दोन चाकांमधला आडवा दांडा) बुशही पाहा, ते गेले तर गाडी शेपटीकडून डुलते आणि माणूस पुढंच शोधत बसतो.

हिंगणा_रोड: टॉमीनं पाहिलं. डाव्या आर्मच्या मागच्या बुशला अर्धा गोल चीर आहे. नुसता बुश की अख्खा आर्म? आणि फक्त डावाच?

धंतोली४४: दोन्हीकडचे बदला, एक नवा एक जुना ठेवला तर ओढ बाजू बदलते. बॉल जॉइंट आर्ममध्येच बसवलेला असेल आणि ढिला असेल तर अख्खा आर्म, नाहीतर प्रेसवर नवा बुश. हातोड्यानं ठोकून बसवू देऊ नका, बाहेरची कडी वाकते.

मुख्य गोष्ट पुढं आहे. बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन सस्पेन्शनवर, मग ठरलेल्या टॉर्कनं (जोरानं) आवळा. लटकत्या आर्मवर आवळला तर गाडी खाली आल्याबरोबर रबर पिळलं जातं आणि काही महिन्यांत तिथंच फाटतं. त्यानंतर अलाइनमेंट, तिसरी आणि या वेळी कामाची.

सक्करदरा_स्पॅनर: काम होईपर्यंत चाकोरीत शिरू नका, दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर चाकं ठेवा. शिरलीच तर वेग ४० च्या खाली आणून मगच, जरा तिरपं काढा. कडेला समांतर घासत काढलं तर गाडी एकदम पलीकडं उडी घेते. पाऊस लागला की चाकोरीत पाणी साचतं, तिथं रुंद टायर आधी तरंगतो.