'संघटित कामगार' म्हणजे नेमके कोण?

शब्दखोर: एका लेखाचं भाषांतर करतेय. ऑर्गनाइज्ड लेबरला मी सरळ 'संघटित कामगार' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाई म्हणतात की हे पीएफ-बीएफ मिळणारे संघटित क्षेत्रातले लोक झाले, मूळ लेखात युनियनवाले अभिप्रेत आहेत. मग काय लिहू?

उनाडपाखरू: बाईंचं बरोबर आहे. सरकारी मराठीत संघटित-असंघटित हे क्षेत्राला चिकटलंय, माणसांना नाही. अहमदाबादची 'सेवा' घ्या ना, स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांची युनियन, १९७२ ची नोंदणी, आधी कामगार खातं म्हणे तुम्हाला मालकच नाही तर युनियन कसली, त्यावर यांचं म्हणणं की युनियन कामगारांच्या एकीसाठी असते, समोर मालक असलाच पाहिजे असं कुठाय. म्हणजे त्यातली भाजीवाली कागदावर असंघटित आणि युनियनची पक्की मेंबर!

खडूसकाका: 'युनियनबद्ध कामगार' लिही आणि मोकळी हो. बोलताना सगळे युनियनच म्हणतात, कामगार संघटना फक्त पाटीवर.

शुद्धमती: युनियनबद्ध??? काय तो शब्द! 'संघटनाबद्ध'ला काय धाड भरलीय?

खडूसकाका: 'कामगार'मधला 'गार' फारसी आहे ताई, आधी त्याला हाकला.

मिरचीभजी: एकीवरून आठवलं. माझं सासर गुजराती. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, घरात संप ठेवजो. मी गार! म्हटलं पहिल्याच आठवड्यात स्वयंपाक बंद करायला सांगतायत की काय. त्यांच्यात संप म्हणजे एकी, एकोपा. आपल्याकडे एकी झाली की काम बंदच पडतं बहुतेक, म्हणून अर्थ सरकला असावा (हे माझं मत, पुरावा मागू नये).

उनाडपाखरू: भारी! टाळेबंदीचीही वाटच लागलीय. कामगारांनी काम थांबवलं तर संप, मालकाने गेटला कुलूप ठोकलं तर टाळेबंदी, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात दोन्हींच्या व्याख्या होत्या. पण २०२० नंतर टाळेबंदी म्हटलं की पोरांना फक्त कोरोना आठवतो.

शुद्धमती: आणि हरताळ राहिला की. हरताळ फासणे त्यातलंच, काम बंद पाडणे.

खडूसकाका: छे छे. फासायचा तो हरताळ पिवळा, खनिज असतं, पोथीतली चुकलेली अक्षरं त्याने बुजवायचे. संपवाला हरताळ वेगळा, हाट म्हणजे बाजार, त्याला ताळं, म्हणजे कुलूप.

शुद्धमती: दोन्हीकडे बंदच करतात ना काहीतरी? मग एकच.

शब्दखोर: अहो, उद्या द्यायचंय मला ते.

खडूसकाका: थांब गं जरा. शुद्धमती, बाजार बंद करणं आणि अक्षर खोडणं एक कसं, ते सांगा आधी.