अनुभव धागा : जागेखालची माती तुम्हाला कधी कळली?

जागा बघायला गेलो की आपण रस्ता बघतो, दिशा बघतो, कागदपत्रं दहा वेळा चाळतो, माती कोण बघतं? मी तरी नव्हती बघितली. पाया खणायला घेतला तेव्हा पुढच्या बाजूला दीड फुटावर खडक लागला, वाटलं नशीब काढलं, आणि मागच्या बाजूला खणतोय खणतोय तर माती संपेचना. इंजिनियरने काम थांबवलं. म्हणाला, अख्खं घर एकसारखं थोडं खाली बसलं तर एकवेळ चालतं, पण अर्धं खडकावर आणि अर्धं मातीवर म्हणजे मधोमध तडा ठरलेलाच. मग मागचे कॉलम खडक लागेपर्यंत खाली नेले, बजेटचं काय झालं ते विचारू नका. तर येऊ द्या तुमचे किस्से, घर बाग शेत काहीही चालेल. सल्ले नंतर, आधी अनुभव.

काजवा
आमचं जुनं घर काळ्या मातीवर. पावसाळ्यात मागचं दार घट्ट बसायचं, खांदा लावून उघडायला लागायचं, आणि उन्हाळ्यात त्याच दाराच्या फटीतून उजेड यायचा. भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा होता, बाबा त्याच्या टोकाला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहायचे. उन्हाळ्यात तडा रेघेच्या पुढे जायचा, पाऊस मुरला की केसाएवढा बारीक व्हायचा. आम्ही दरवर्षी लांबी भरून रंग मारायचो, काय उपयोग! ह्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आक्रसतं, म्हणजे घराखालची जमीनच दरवर्षी वरखाली होते. त्यात भिंतीला लागून मोठं झाड, ते त्या बाजूचं पाणी ओढणार, म्हणून तडाही त्याच बाजूला जास्त. नवीन बांधताना अंडर-रीम्ड पाइल केले, म्हणजे खाली कंदासारखा फुगवटा असलेले खांब, जिथपर्यंत ओल-वाळ पोचत नाही तिथपर्यंत नेलेले. दार अजून तरी नीट लागतंय.

उंटावरचा_शहाणा
माझा किस्सा न घेतलेल्या प्लॉटचा आहे, चालेल ना? एकदम सपाट, स्वच्छ, वरून छान लाल मुरूम. मला तो सपाटपणाच खटकला कारण आजूबाजूची सगळी जमीन उताराची. मालकाला विचारून तीन ठिकाणी खड्डे घेतले, दोन ठिकाणी ठीक, तिसऱ्यात हातभर खाली गेल्यावर कुदळीला प्लास्टिकची पिशवी अडकून आली, मग फरशीचे तुकडे, मग एक चप्पल. भराव! शेजारचे एक आजोबा कुंपणापाशी उभं राहून बघत होते, ते म्हणाले अहो इथे तर ओढा होता. हे आधी सांगायचं ना आजोबा, तर म्हणे तुम्ही विचारलंत कुठे. व्यवहार तिथेच संपला.

शेवंती
बागेचं लिहिते. भिंतीलगतच्या वाफ्यातली झाडं पिवळी पडायची, पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. मी खत घालतेय, लोह घालतेय, अजून खत घालतेय. शेवटी माती तपासून घेतली तर पीएच ८.२, म्हणजे माती अल्कधर्मी. अशा मातीत लोह असलं तरी मुळांना उचलता येत नाही. गंमत म्हणजे चार पावलांवरच्या वाफ्यात तीच झाडं मस्त होती. उकरलं तर भिंतीकडच्या मातीत बांधकामाच्या वेळचा चुना, सिमेंटचे गोळे, सगळं तिथेच गाडलेलं. व्हिनेगर ओतलं तर बुडबुडे आले, म्हणजे चुनाच. फूटभर माती काढून टाकली, नवीन भरली, प्रश्न मिटला. दोन वर्षं आणि खताची पोती गेली ती वेगळी.

निवांत
चिकणमाती भुसभुशीत होईल म्हणून मी वाळू मिसळली. सुकल्यावर वीट झाली हो, कुदळ उडायची त्यावरून! थोड्या वाळूने काही होत नाही, कंपोस्ट घालत राहणं हाच उपाय निघाला.

शेतातला_बाबू
माती परीक्षणाचा रिपोर्ट पहिल्यांदा आला तेव्हा घरात आनंदीआनंद, सेंद्रिय कर्ब भरपूर, सगळं भरपूर. पीक मात्र मरगळलेलं. नंतर कळलं की भावाने आळस करून नमुना शेणखताच्या ढिगाशेजारून उचलला होता 😄 दुसऱ्यांदा मी स्वतः गेलो. नागमोडी चालत आठदहा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा खड्डा, वीतभर खोल, कडेची माती खरवडून घ्यायची, बांध, झाडाखालची जागा, खताचा ढीग सोडून. सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत, आणि सावलीतच वाळवायची. खरा रिपोर्ट आला तो बघून कोणी काही बोललंच नाही.

काजवा
@शेतातला_बाबू भावाला फ्रेम करून द्या तो पहिला रिपोर्ट.

रिकामी_कुंडी
आमच्याकडे पाणी जिरतं का बघायला फूटभर खोल खड्डा करून दोनदा पाण्याने भरला. पहिल्यांदा जिरलं, दुसऱ्यांदा भरलेलं सकाळीही तसंच, वर डास. फळझाडांचा नाद सोडून वाफे उंच केले. एक विचारायचं होतं, घरासाठी बोअर घेऊन तपासणी करतात त्यात ठोके मोजतात ते काय असतं?

उंटावरचा_शहाणा
६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून सोडतात आणि नळी शेवटचे ३० सेंमी आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. ठोके कमी म्हणजे माती मऊ. मी पुढच्या जागेला करून घेणार आहे. रविवारी बघायला चाललोय, कुदळ आत्ताच गाडीत टाकलीये, आणि ह्यावेळी आधी आजोबा शोधणार.