मदत हवी आहे : पीपीएचसाठी (बाळंतपणानंतरच्या अति रक्तस्रावासाठी) गर्भपिशवीत फुगवायचा बलून कोणता ठेवावा? बाक्री, कंडोम कॅथेटर की नुसती फोली?

लेबररूम_ग्रामीण

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्याला ६०च्या आसपास डिलिव्हरी होतात. सिझेरियनची सोय नाही, रक्त साठवणूक केंद्र नाही. वरचं रुग्णालय ७० किलोमीटरवर, मध्ये घाट, म्हणजे गाडीला दोन तास धरायचेच. डिलिव्हरीनंतर गर्भपिशवी ढिली राहिली आणि औषधांनीही रक्त थांबेना की पेशंटला पुढं पाठवतो. आता साहित्याची मागणी लिहायची आहे.

बाक्री हा तयार मिळणारा बलून महाग पडतो. कंडोम कॅथेटरचं (नळीवर कंडोम बांधून केलेल्या बलूनचं) सामान घरातच आहे. एकाने सुचवलं, २४ नंबरची फोली (टोकाशी छोटा फुगा असलेली लघवीची नळी) घालून फुगा भरा, भागतं. रात्री एक डॉक्टर आणि एक सिस्टर एवढंच बळ असताना यातलं काय ठेवावं? पाणी किती भरायचं? आणि बलून आत असताना पेशंटला गाडीत घालणं योग्य आहे का?

प्रसूती_सल्ला

डॉक्टर, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण निवड त्यावरच ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये बलूनला मान्यता देताना अटी घातल्या : ऑक्सिटोसिन (पिशवी आवळायचं औषध), रक्त थांबवणारं ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड आणि सलाइन देऊन झालेलं असावं, वारेचा राहिलेला तुकडा, फाटलेली जागा, पिशवी फुटणं ही कारणं तपासून वगळलेली असावीत, शिकलेला हात असावा, पेशंटवर सतत लक्ष असावं, ऑपरेशन आणि रक्त लगेच मिळण्याजोगं असावं. तुमच्याकडे शेवटची अट पुरी होत नाही. म्हणून तुमच्या इथं बलून हा इलाज समजू नका, तो वाटेपुरता आधार आहे. गाडीला फोन आधी, बलून नंतर. युगांडा, इजिप्त आणि सेनेगलमधल्या जिल्हा पातळीच्या रुग्णालयांत कंडोम बलून सुरू केल्यावर ऑपरेशन किंवा मृत्यूचं एकत्रित प्रमाण कमी झालं नाही, उलट वाढलेलं दिसलं. हे डोक्यात ठेवूनच खरेदी करा.

आता निवड. नुसत्या फोलीचा फुगा ३० मि.लि.चा. दिवस भरलेली पिशवी त्याने भरत नाही. गर्भपातानंतरची लहान पिशवी किंवा गर्भाशयमुखाजवळचं ब्लीडिंग असेल तर फोलीचा उपयोग होतो. डिलिव्हरीनंतरच्या ढिल्या पिशवीसाठी तिच्यावर विसंबू नका.

बाक्री सिलिकॉनचा असतो, कमाल ५०० मि.लि., कमाल २४ तास. त्याचं खरं मोल दुसऱ्या नळीत आहे. फुग्याच्या वरून, पिशवीच्या टोकातून रक्त खाली येण्याची ती वाट. त्या नळीला बाहेर रक्त गोळा करायची पिशवी जोडली की बलूनच्या वर रक्त साचतंय का हे डोळ्याला दिसतं. कंडोमला ही वाट नाही. त्यामुळे योनीतून रक्त थांबलं म्हणून हायसं वाटतं आणि वर पिशवीत अर्धा लिटर साचलेलं असतं.

पैसे असतील तर एक बाक्री सीलबंद ठेवा. नसतील तर कंडोम कॅथेटरचे दोन तयार संच ठेवा, पण जुळवणी रात्री नाही, आधी. वर्षातून दोनदाच लागणारी वस्तू हातांना सवयीची नसते. गाठ घट्ट बसते, पण चुकीच्या जागी.

ओटी_सिस्टर

मॅडमनी संचाचं म्हटलं, तो कसा बांधायचा ते लिहिते. आपल्याकडचे जुने लोक यालाच शिवकर पॅक म्हणतात.

एका पाकिटात : १६ किंवा १८ नंबरची फोली १, कंडोम २, जाड रेशमी दोरा, सलाइन ५०० मि.लि.च्या २ बाटल्या, आयव्ही सेट, ६० मि.लि.ची निमुळत्या तोंडाची सिरिंज, स्पंज होल्डिंग (बिनदातांचा चिमटा) २, सिम्स स्पेक्युलम (योनी उघडून बघायचं हत्यार), रोलर गॉज (लांब पट्टी), मार्कर पेन. कंडोमची मुदत दर महिन्याला बघायची. तेलकट मलम जवळ आणायचं नाही, लॅटेक्स पिचतं.

फोलीवर कंडोम चढवा. फोलीचं टोक कंडोमच्या टोकाला भिडू देऊ नका, थोडी जागा मोकळी राहू द्या. तळाशी दोन गाठी, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. इथंच सगळं बिघडतं. सैल बांधलं तर पाणी गळतं आणि अर्ध्या तासात बलून निसटतो. फार आवळलं तर नळीच दबून बंद होते. म्हणून घालण्याआधी १०० मि.लि. पाणी (म्हणजे सलाइन) आत सोडा, उचलून धरा, गाठीवर थेंब येतो का बघा, मग पूर्ण ओढून घ्या. हवा राहता कामा नये. फुगा कधीही हवेनं भरायचा नाही, गर्भपिशवीतल्या उघड्या शिरांतून हवा रक्तात गेली तर पेशंट जाते.

नवख्यांकडून हमखास होणारी चूक : पाणी फोलीच्या फुग्याच्या बारक्या तोंडातून घालतात. तसं केलं तर फोलीचा स्वतःचा ३० मि.लि.चा फुगा भरतो आणि कंडोम रिकामाच राहतो. पाणी मोठ्या तोंडातून, म्हणजे एरवी लघवी येते त्या वाटेनं जायला हवं. आयव्ही सेटचं टोक त्या तोंडात सैल बसतं, तिथंही दोऱ्याची गाठ मारा.

लेबररूम_ग्रामीण

सिस्टर, हे फोटो काढून भिंतीवर लावण्यासारखं आहे. दोन शंका उरल्या. पाणी किती झालं की थांबायचं? आणि गर्भाशयमुख इतकं उघडं असतं की बलून खाली सरकतो, त्याला काय करायचं?

प्रसूती_सल्ला

बलून घालायच्या आधी मूत्राशय रिकामं करा, त्यात वेगळी फोली राहू द्या. भरलेलं मूत्राशय पिशवीला आकुंचन पावू देत नाही आणि बलूनही वर बसत नाही. सामान येईपर्यंत एकाने दोन्ही हातांनी पिशवी दाबून धरायची, सोडायची नाही.

गर्भाशयमुखाची पुढची कड स्पंज होल्डिंगने धरा, दात असलेलं हत्यार नको. बलून मुखाच्या आतल्या कडेच्या पलीकडे, पूर्णपणे पिशवीत गेला पाहिजे. अर्धा मुखात अडकला की भरताना तो डमरूसारखा होतो आणि घसरून योनीत येतो. तसं झालं तर ढकलत बसू नका. पाणी काढा, परत घाला.

भरणं ५०-५० मि.लि.च्या हप्त्यांनी. साधारण २५० ते ५०० मि.लि.मध्ये रक्त थांबतं. कंडोम त्याहून जास्त पाणी घेतो, म्हणून घालत राहू नका. ५०० झालं आणि रक्त वाहतंच आहे, तर रक्त पिशवीतून न येता फाटलेल्या मुखातून येत असू शकतं; उजेड नीट घेऊन परत बघा. थांबलं की पाण्याचा आकडा कागदावर लिहा, फोली दुमडून बांधा. आर्टरी फोर्सेपचे (चिमट्याचे) दात थेट नळीवर लागले तर ती चिरते, मध्ये गॉजची घडी ठेवा. मग योनीत रोलर गॉज, बलून सरकू नये एवढाच. किती गॉज घातलं तेही लिहा, नाहीतर काढताना एखादं आत राहतं.

भूलतज्ज्ञ_जिल्हा

बलून १५ मिनिटं बसूनही रक्त चालू असेल तर तो फसला, असं धरून चाला. तिसरा बलून शोधत थांबू नका. पोटातल्या महाधमनीवर बेंबीच्या वर मुठीनं दाब द्या आणि निघा. अँटी-शॉक गारमेंट (पाय आणि पोट आवळून धरणारा पट्ट्यांचा पोशाख) असेल तर घोट्यापासून वर बांधत या; उतरवायचं मात्र वरच्या रुग्णालयातच, पेशंट सावरल्यावर.

औषधांची कसूर बलून भरून काढत नाही. ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड १ ग्रॅम, शिरेतून, १० मिनिटांत सावकाश, आणि ब्लीडिंग सुरू झाल्यापासून ३ तासांच्या आत. ३० मिनिटांनंतरही चालू असेल तर आणखी १ ग्रॅम. बलून आत असतानाही ऑक्सिटोसिन चालू : २० युनिट १ लिटरमध्ये, मिनिटाला ६० थेंब. पिशवी आवळायच्या बाकीच्या औषधांपैकी बीपी वाढलेलं असेल तर मेथर्जिन नाही, दमा असेल तर कार्बोप्रोस्ट नाही.

गाडीत बसवण्याआधी पिशवीचं वरचं टोक पोटावर मार्करनं आखा. कंडोमला वरून रक्त बाहेर यायची नळी नाही, म्हणून ही रेघच तुमची नळी. टोक रेघेच्या वर चढलं किंवा नाडी सारखी वाढू लागली तर आत साचतंय. नाडी आणि वरचं बीपी यांचा भागाकार ०.९ वर गेला की धोका, मग बीपी ११० दिसलं तरी. तरुण बाईचं बीपी फार उशिरा पडतं, तोवर नाडी सगळं सांगून गेलेली असते. घाटात दर १५ मिनिटांनी बघायचं, म्हणजे बरोबर सिस्टर हवीच.

लेबररूम_ग्रामीण

मग मागणीत एक बाक्री आणि कंडोमचे दोन संच लिहितो. काढण्याचं वरच्या रुग्णालयावर सोडू ना?

प्रसूती_सल्ला

सोडा, पण रेफरच्या चिठ्ठीवर ठळक लिहा : बलून कोणता, घातल्याची वेळ, किती मि.लि. पाणी, किती गॉज, ट्रानेक्सामिक कधी दिलं. ते २४ तासांच्या आत, शक्यतो दिवसा, ओटी तयार असताना काढतील. आधी निम्मं पाणी, ३० मिनिटं वाट, रक्त नाही आलं तर उरलेलं. तुमच्या चिठ्ठीतला आकडा आणि त्यांनी बाहेर काढलेलं पाणी जुळलं नाही, तर बलून वाटेतच गळत होता हे त्यांना तिथंच कळेल.